स्टील गिटार आणि उशिरा शिकणाऱ्या



मागच्या महिन्यात आमच्या रेडिओवर एका मावशींचा फोन आला. नाव सांगू नका म्हणाल्या, म्हणून सांगत नाही. वय त्रेपन्न. भजनी मंडळात पंचवीस वर्षं टाळ वाजवतात, शंभरावर अभंग तोंडपाठ. मंडळात पेटी वाजवणारी बाई लेकाकडे शहरात राहायला गेली आणि पेटी जाऊन बसली कपाटावर. मावशी म्हणाल्या, "मला पेटी शिकायचीय. घरी विषय काढला तर सूनबाई हसली. आमचे मालक म्हणाले, आता तेवढंच राहिलंय का? तुम्हीच सांगा, या वयात हात वळतो का हो?"

आम्हाला लगेच उत्तर देता आलं नाही. कारण आमच्यातलीच एक जण दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी पेटीच्या क्लासला गेली होती. तिथल्या सरांनी "आजी, ही लहान मुलांची बॅच आहे" म्हणून तिच्या हातात नातवासाठी फॉर्म दिला. तिने तो घडी करून पर्समध्ये ठेवला आणि एसटीने परत आली. आम्हाला हे सांगायलाही तिला सहा महिने लागले.

तर मावशींचा फोन ठेवल्यावर आम्ही ठरवलं, की शिकायला अवघड म्हणून नावाजलेलं एखादं वाद्य घ्यायचं आणि ते कोण, कधी, कसं शिकलं ते बघायचं. शोधता शोधता एक वाद्य सापडलं, त्याचं नाव पेडल स्टील गिटार. अमेरिकेतलं वाद्य. आपल्या गावात ते कुणी पाहिलेलं नसेल. पण त्याची गोष्ट ऐकताना आम्हाला सारखी आपलीच माणसं आठवत होती, म्हणून आज ती सांगतो.

आधी आवाजाची ओळख करून घेऊ. पूर्वी विविध भारतीवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये वेळ उरला, की नुसत्या वाद्यावर सिनेमाच्या गाण्याची धून लावायचे. शब्द एकही नाही, तरी गाणं ओळखू यायचं. कारण त्या वाद्याचा सूर माणसाच्या गळ्यासारखा एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जायचा. त्यातलं एक वाद्य म्हणजे हवाइयन गिटार. साधी गिटार पोटाशी धरतात आणि बोटांनी तारा दाबतात. ही मांडीवर आडवी ठेवायची. डाव्या हातात लोखंडाची गुळगुळीत कांडी धरायची आणि ती तारांवरून फिरवायची. कांडी जाईल तसा सूर सरकतो. आपण ज्याला मींड म्हणतो ती आपोआप येते. पेडल स्टील गिटार ही याच गिटारची धाकटी बहीण, फक्त फार खटाटोपाची.

ती दिसते चार पायांच्या लहानशा टेबलासारखी. टेबलावर दहा तारा आडव्या ताणलेल्या. पुढे खुर्ची घेऊन बसायचं. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या अडकवून तारा छेडायच्या. डाव्या हातात पाव किलोच्या आसपास वजनाची पोलादी कांडी. इथवर ठीक आहे. आता टेबलाखाली बघा. तिथे तीन पेडल आहेत, शिलाई मशीनच्या पायट्यासारखी, ती डाव्या पावलाने दाबायची. उजव्या पावलाखाली वेगळं पेडल, आवाज लहानमोठा करायला. आणि दोन्ही गुडघ्यांच्या आजूबाजूला चार-पाच दांड्या लोंबतात, त्या गुडघ्याने डावीकडे, उजवीकडे, वर ढकलायच्या. गारमेंटच्या कारखान्यात काम केलेल्या मैत्रिणींना हे लगेच समजेल. तिथल्या मशीनला उजव्या गुडघ्याशी अशीच एक दांडी असते, ती ढकलली की कापड दाबून धरणारा पाय वर उचलला जातो. तशा पाच दांड्या, वर तीन पायटे, आणि दोन्ही हातांना वेगवेगळं काम. म्हणजे स्वयंपाक, पाळणा आणि फोन एकाच वेळी सांभाळण्यातला प्रकार.

ही पेडल कशाला? ज्यांच्या मंडळात पेटी आहे त्यांनी ती जवळ घ्या. पांढरी एकचा सा धरा. सा, ग आणि प या तीन पट्ट्या एकदम दाबा. गोड भरलेला आवाज येईल. आता सा तसाच दाबून ठेवा, ग सोडून म दाबा, प सोडून ध दाबा. सा, म, ध. रंग बदलला ना? पेटीवर हा बदल उडी मारून होतो. पेडल स्टीलवर पहिलं पेडल दाबलं की प ची तार ताणली जाऊन ध होते, दुसरं दाबलं की ग ची म होते, आणि सा जागचा हलत नाही. उडी नाहीच. दोन सूर हळूहळू वर चढतात आणि तिसरा उंबऱ्यात उभ्या असलेल्या माणसासारखा स्थिर राहतो. ऐकताना गलबलतं ते याच ठिकाणी. गुडघ्याची एक दांडी सा ला खालच्या नी वर आणते, दुसरी त्याला कोमल रे वर चढवते. असे सगळे जिने पायात.

आता हे वाद्य आलं कुठून ते बघू.

पॅसिफिक महासागरात हवाई नावाची बेटं आहेत. तिथे मुळात गिटार नव्हती. बेटांवर रानगुरं फार माजली, तेव्हा १८३०च्या दशकात राजाने मेक्सिकोकडचे गुराखी बोलावले. ते घोड्यावर बसून गुरं वळवायला शिकवायचे आणि रात्री गिटार वाजवायचे. म्हणजे गिटार तिकडे गेली ती गुराख्यांबरोबर, हे आम्हाला फार आवडलं. बेटावरच्या लोकांनी तारा आपल्या गाण्याला सोयीच्या पडतील अशा सैल करून जुळवल्या आणि वाद्य आपलंसं केलं.

मग ओआहू बेटावरच्या लाइए गावचा एक मुलगा, जोसेफ केकुकू, जन्म १८७४. कुणी म्हणतात त्याला रस्त्यात लोखंडाचा बोल्ट सापडला, कुणी म्हणतात खिशातला कंगवा तारांवर पडला. गोष्टी अनेक आहेत, पण कामेहामेहा शाळेत शिकत असताना, १८८९च्या सुमारास, त्याने लोखंड तारांवर घासून सूर काढायची रीत बसवली आणि त्यासाठी खास कांडी तयार केली, एवढं बहुतेक सगळे मानतात. आणखी एक नोंद आहे, की त्याच्याही आधी गेब्रिएल डेव्हियन नावाच्या, हिंदुस्थानात जन्मलेल्या एका खलाशी पोराला तिथल्या लोकांनी अशी गिटार वाजवताना पाहिलं होतं. आपल्याकडे तारेवर गोटा फिरवून वाजवायची रीत आहेच, विचित्र वीणा आणि दक्षिणेतला गोट्टुवाद्यम तसेच वाजवतात. त्या पोराने इथलंच काही तिकडे नेलं का, हे ठरवायला पुरावा अपुरा आहे, त्यामुळे आपण छाती फुगवायला नको.

याच काळात बेटांवर मोठा अन्याय झाला. तिथे राणी होती, लिलिउओकलानी. स्वतः गाणी रचणारी बाई, 'अलोहा ओए' हे जगभर गाजलेलं गाणं तिचंच. १८९३ साली तिला गादीवरून खाली खेचलं आणि १८९८ मध्ये अमेरिकेने बेटं ताब्यात घेतली. राज्य गेलं, पण वाजवणारे जहाजं पकडून जगभर फिरू लागले. केकुकू १९०४ मध्ये बाहेर पडला तो अमेरिकेत, युरोपात वाजवत आणि शिकवत राहिला आणि १९३२ मध्ये परमुलखातच वारला. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्को शहरात मोठं प्रदर्शन भरलं, तिथे हवाईच्या मंडपातलं वादन ऐकून अमेरिकेला या आवाजाचं वेडच लागलं. गिटार आणि धडे घेऊन विक्रेते घरोघरी फिरायचे. टपालाने धडे यायचे. शेतकऱ्यांच्या, कामगारांच्या घरांत मुलंमुली, बायका, पुरुष मांडीवर गिटार घेऊन बसले. म्हणजे उस्तादाच्या पायाशी बसून शिकण्याचं हे वाद्य कधी नव्हतंच. चुलीपाशी, दिवसभराचं काम उरकल्यावर, टपालातल्या कागदावर बघून शिकायचं.

पण मोठ्या नाचगाण्याच्या हॉलमध्ये तिचा आवाज पोचेना. त्यावर उपाय निघाला १९३१-३२ मध्ये. रिकनबॅकर कंपनीने विजेवर चालणारी गिटार काढली. बाजारात आलेली ही पहिली विजेची गिटार, आणि ती मांडीवर ठेवून कांडीने वाजवायचीच होती. गोल चकती आणि लांब दांडा, म्हणून तिला टोपणनाव पडलं 'फ्राइंग पॅन'. आज सिनेमात पोरं अंगात आल्यासारखी जी गिटार वाजवतात, तिचं आद्य रूप म्हणजे हा तवा.

आवाज वाढला तरी एक अडचण उरली. कांडी सरळ असते. ती सगळ्या तारा एकाच रेषेत दाबते, त्यामुळे तारा जशा जुळवल्या असतील तेवढेच स्वरसमूह निघतात. आपल्याला हे जाणवत नाही, कारण आपला राग एका वेळी एका सुराने पुढे जातो. त्यांच्या गाण्याला तीन-तीन सूर एकदम लागतात आणि ते सारखे बदलावे लागतात. मग एकाच पेटाऱ्यावर वेगवेगळ्या जुळवणीच्या दोन, तीन, चार गिटारी शेजारी शेजारी बसवायला लागले.

इथे एका बाईची गोष्ट सांगायची आहे, आणि आजच्या भाषणात आम्ही सगळ्यात जास्त रेंगाळणार ते इथेच. शिकागोची लेट्रिशिया कँडल, जन्म १९१५. मुलींचा हवाइयन वाद्यवृंद चालवायची, त्याचं नाव 'कोहाला गर्ल्स'. शिकवायचीही. बाकीच्यांच्या दोन-तीन जुळवण्या तिला पुरेनात, आणि वाकून बसून वाजवणंही तिला नको होतं. तिने स्वतःच्या डोक्याने वाद्य आखलं आणि १९३७ मध्ये ते घडवून घेतलं. २६ तारा, वेगवेगळ्या जुळवण्यांचे गट, उभं राहून वाजवायचं, आत रंगीत दिवे. आपल्या नावावरून तिने त्याला 'ग्रँड लेटार' म्हटलं. पॉल व्हाइटमन हा त्या वेळचा फार नावाजलेला वाद्यवृंद चालक, त्याच्याबरोबर ती वाजवू लागली. तेव्हा तिचं वय बावीसच्या आतबाहेर होतं.

आणि पुढे? पुढे स्टील गिटारच्या इतिहासात वर्षानुवर्षं पुरुषांचीच नावं येत राहिली. कुणी पेडल बसवलं, कुणी कारखाना काढला, सगळ्याची नोंद झाली. लेट्रिशियाचं लग्न झालं, स्टेज मागे पडलं, वाद्य घरात पडून राहिलं. तिने नव्वदी ओलांडल्यावर जुन्या वाद्यांचा एक शौकीन तिच्यापर्यंत पोचला. वाद्य बाहेर काढलं, दुरुस्त केलं, जाणकारांसमोर मांडलं, तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की हे डोकं कुणाचं होतं. २०१० साली ती ९४व्या वर्षी वारली. म्हणजे बाईच्या हातून काही सुटलं तर ते वय झाल्यामुळेच सुटलं असेल, असं धरून चालू नका. आम्ही आमच्या गटात मोजून पाहिलं. शिवण, पोहणं, सायकल, गाणं. ज्या ज्या गोष्टी आमच्या हातून सुटल्या, त्या जवळपास सगळ्या विशी-पंचविशीत सुटल्या. तेव्हा कुणाचेच गुडघे दुखत नव्हते.

आता पेडलची गोष्ट. पेडल लावून तारांची जुळवणी बदलायची कल्पना १९४०च्या आसपास वाद्यांत येऊ लागली होती. पण वाजवणारे काय करायचे, तर आधी पेडल दाबून जुळवणी बदलायची आणि मग तार छेडायची. सूर बदलताना ऐकू येऊ द्यायचा नाही, ते बेसूर समजायचे. १९५४ साली वेब पिअर्स या गायकाचं 'स्लोली' नावाचं गाणं अमेरिकेच्या ग्रामीण गाण्यांत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यात गिटार वाजवणाऱ्या बड आयझॅक्सने उलटं केलं. तार आधी छेडली, ती वाजत असताना पेडल दाबलं. एक सूर स्थिर, दुसरा त्याच्या डोळ्यांदेखत वर चढतो. पेटीवर आपण आत्ता जो सा, म, ध केला, तोच बदल पण सरकत सरकत. जी चूक म्हणून लपवायची ती त्याने मुद्दाम पुढे आणली.

त्या एका गाण्याने देशभरच्या स्टील गिटार वाजवणाऱ्यांची झोप उडाली. विचार करा. दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं पोट भरण्यापुरतं नाव मिळवलेली माणसं. बायकामुलं असलेली. आणि एके दिवशी रेडिओवरून कळतं की आता हे यायला पाहिजे, नाहीतर काम नाही. हात शिकलेले, पण पाय अडाणी! पुष्कळांनी आपल्या वाद्याला पेडल बसवून घेतली आणि पुन्हा पहिलीत जाऊन बसले. पुढच्या दोन-तीन वर्षांत बडी एमन्स नावाच्या तरुणाने एकाच पेडलचं काम दोन पेडलांवर वाटून दिलं, आज ग आणि प वेगवेगळे चढवता येतात ते त्यामुळे. मग गुडघ्याच्या दांड्या आल्या. दर चार-पाच वर्षांनी काहीतरी नवं शिकावं लागे. या वाद्यात कुणीच फार दिवस जाणता राहू शकला नाही.

बायकाही होत्या. कॅलिफोर्नियातल्या टीव्हीच्या एका लोकप्रिय कार्यक्रमात मॅरियन हॉल पेडल स्टील वाजवायची. बार्बरा मँड्रेल अकरा वर्षांची असताना लोकांना तोंडात बोटं घालायला लावायची, पुढे ती मोठी गायिका झाली. आफ्रिकन-अमेरिकन लोकांच्या 'हाउस ऑफ गॉड' या चर्चमध्ये, जो पंथ १९०३ साली मेरी मॅग्डलिना टेट नावाच्या बाईने उभा केला, तिथे १९३०च्या दशकात स्टील गिटार आली आणि आजही प्रार्थनेत ती गळ्याच्या बरोबरीने गाते. आपल्याकडे कीर्तनात पेटी जशी बुवांच्या मागे मागे जाते, तसंच.

सगळ्यांनी मात्र नवं शिकलंच असं नाही. जेरी बर्ड हा ओहायोचा वादक. लहानपणी तंबूतल्या कार्यक्रमात हवाइयन गिटार ऐकून तिच्यामागे लागला होता. पेडल आली तेव्हा तो नामांकित होता, आणि त्याने पेडल घ्यायला नकार दिला. मला कांडीतच सगळं मिळतं, असा त्याचा बाणा. नॅशव्हिलमधलं काम कमी झालं. १९७०च्या दशकात, पन्नाशीच्या सुमाराला, तो सरळ हवाईला राहायला गेला. तिथे तोवर कांडीची गिटार वाजवणारी तरुण पोरं उरली नव्हती म्हटलं तरी चालेल. त्याने तिथल्याच मुलांना तिथलंच वाद्य शिकवलं. ओहायोचा गोरा माणूस, केकुकूच्या नातवंडांच्या पिढीचा गुरू झाला. आम्हाला त्याचं पटतं. मोठ्या वयात काय शिकायचं यासोबत काय शिकायचं नाही हेही आपलं आपण ठरवावं. प्रत्येक नव्या पेडलमागे धावायची सक्ती नाही.

आपल्या देशातही कुणी पेडलच्या फंदात फारसं पडलं नाही, आणि त्याचं कारण मघाशी आलंच. आपल्याला तीन सूर एकदम बदलायचे नसतात, मींड हवी असते, आणि ती कांडीतच आहे. हवाईचा ताउ मो आणि त्याची बायको रोझ हे दोघे १९४०च्या दशकात कलकत्त्याला राहून वाजवत होते, त्यांचं ऐकून आणि पाहून पुष्कळ जण शिकले. मुंबईच्या सिनेमात व्हॅन शिप्लीने विजेची गिटार गाजवली. जोधपूरच्या ब्रिजभूषण काबरांनी तिच्यावर राग मांडला. १९६७ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी ज्यांनी ऐकली असेल, त्यांनी शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या सोबतीने काबरांची गिटार ऐकली आहे. तीही एका मेंढपाळाच्या दिवसाची गोष्ट सांगते, बघा कसा योग! विश्वमोहन भट यांनी गिटारला तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा केली आणि १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार आणला. वाराणसीच्या डॉ. कमला शंकर यांनी स्वतःच्या हाताला जुळेल अशी शंकर गिटार घडवून घेतली. लेट्रिशियाला जे बाविशीत करावंसं वाटलं, तेच.

आता मावशींचा प्रश्न. या वयात हात वळतो का?

अमेरिकेत पेडल स्टील नोकरी संपल्यावर हातात घेणारे पुष्कळ आहेत. पुरुष जास्त, बायकाही आहेत. या वाद्यात त्यांना एक सोय आहे. डाव्या हाताची बोटं तारेवर जोराने दाबावी लागत नाहीत, कांडी नुसती टेकवून सरकवायची. सांधे दुखणाऱ्यांना साध्या गिटारपेक्षा ते सोसतं. अडचणी मात्र खऱ्या आहेत, त्या लपवून काय करायचं? वाद्य जड. नवं चांगलं घ्यायचं तर पैसे लाखांत. खुर्चीची उंची चुकली की पाठ धरते. गुडघा दांडीपाशी वळून राहतो, तो आखडतो. पहिले काही महिने तर मांजर दाराच्या फटीत सापडल्यासारखा आवाज येतो. कारण कांडी रेषेच्या किंचित अलीकडे पडली तरी सूर बेसूर होतो, आणि आधीची तार तळहाताच्या कडेने वेळेवर गप्प केली नाही तर सगळ्या एकदम कलकलतात. तार छेडण्याइतकंच ती थांबवणं शिकावं लागतं, आणि त्याला म्हणे जास्त वेळ लागतो.

पण एक गोष्ट मोठ्या माणसाकडे आधीच असते. कान. चाळीस वर्षं गाणी ऐकलेला कान. लहान मुलाचा हात लवकर वळतो, पण आपण बेसूर झालोय हे त्याला दुसऱ्याने सांगावं लागतं. मोठ्या माणसाला ते लगेच कळतं. तोच त्याचा फायदा आणि तोच त्याचा वैताग. आपलं आपल्याला ऐकवत नाही, म्हणून कितीतरी जण महिन्याभरात सोडून देतात. हात बाळाचा आणि कान आजीचा, या दोघांचं जमेपर्यंत घरात भांडण चालणारच. मावशी, तुम्ही पंचवीस वर्षं टाळ धरलाय. लय तुमच्या मनगटात आहे. शंभर अभंगांच्या चाली कानात आहेत. बोटांना फक्त पट्ट्या कुठे आहेत ते शिकायचंय. बालवाडीतल्या पोराला यातलं काहीच येत नसतं, तरी त्याला फॉर्म मिळतो.

सुसान अल्कॉर्नचं आठवतं. जन्म १९५३. विशीत पेडल स्टील हाती घेतली, टेक्ससमध्ये रात्र रात्र नाचगाण्याच्या अड्ड्यांवर वाजवून पोट भरलं. चाळिशीनंतर तिने वाट बदलली. या वाद्यावर कुणी वाजवलं नव्हतं असं संगीत ती वाजवू लागली. २००० साली 'उमा' ही तिच्या एकटीच्या वादनाची तबकडी आली, तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती. सगळ्यात वाखाणलेल्या तबकड्यांपैकी एक, 'पेडर्नल', २०२० मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी. २०२५च्या जानेवारीत ती गेली. वाद्य तेच होतं, दहा-बारा तारांचं. ऐकणारा कान तिने पुन्हा नव्याने शिकवला.

आणि कलकत्त्याला राहून गेलेले ताउ आणि रोझ. १९२९ मध्ये तरुणपणी त्यांनी काही गाणी ध्वनिमुद्रित केली होती. मग पन्नास वर्षांहून जास्त काळ जगभर फिरून वाजवलं, पोरंही त्याच मंडळीत वाढली. म्हातारपणी दोघं हवाईला लाइए गावी परत आले, तेच केकुकूचं गाव. तिथे बॉब ब्रॉझमन नावाच्या तरुण वादकाशी त्यांची गाठ पडली. तो त्यांच्या जुन्या तबकड्यांचा भक्त. त्याच्या साथीने ताउ आणि रोझ यांनी ऐंशीच्या उंबरठ्यावर तीच तरुणपणची गाणी पुन्हा गायली, १९८९ मध्ये ती बाहेर आली. साठ वर्षांनी त्याच बाईचा तोच आवाज, थोडा खरखरीत झालेला. आम्ही दोन्ही एकामागून एक ऐकली. आमच्यात मतभेद झाले. दोघींना जुनी आवडली, बाकीच्यांना नवी.

हे सगळं आम्ही मावशींना फोन करून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पेडल, दांड्या, हवाई, ग्रॅमी, कशावरही काही बोलल्या नाहीत. शेवटी विचारलं, "ती शिकागोची बाई. तिचं वाद्य एवढी वर्षं घरात पडून होतं म्हणालात. ते नंतर वाजलं का?"

वाजलं, म्हटलं. दुरुस्त केल्यावर वाजलं.

"मग असं करा," मावशी म्हणाल्या, "आमच्या पेटीचा भाता उंदरांनी कुरतडलाय. तो नीट करून देणारा माणूस तुमच्या ऐकण्यात कुणी असला, तर तेवढं रेडिओवर विचारा."

तर विचारतोय. कुणाला माहीत असेल तर कळवा.